सोडलेली जागा

आषाढात भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीला जायचं तर पायांत चप्पल ठेवून उपयोग नसतो. साकोलीकडून गावात येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांध्या पसरलेल्या असतात. बांधी म्हणजे धुरे घालून पाणी अडवलेलं धानाचं खाचर. त्या दिवसांत बांधीबांधीत बायकांची एक एक ओळ कमरेतून वाकलेली दिसते. रोवणी चालू असते. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी, उजव्या हाताची तीन बोटं चिखलात जातात आणि रोप उभं राहतं. मग बाई एक पाऊल मागं सरकते. सगळी ओळ अशी मागं मागं सरकत धुऱ्याला टेकते आणि पुढ्यात हिरव्या ठिपक्यांची रांगोळी उरते. कुणी पट्टी लावून मोजत नाही, तरी दोन रोपांमध्ये साधारण वीतभर अंतर सगळीकडे सारखंच पडतं. हे अंतर पुढे आपल्याला लागणार आहे, म्हणून ते आधीच दाखवून ठेवलं.

अशाच एका संध्याकाळी ओसरीवर बसून मी मोबाइलवर गाणं ऐकत होतो. मोठीआई दिवसभराच्या रोवणीहून येऊन पाय धुऊन बसली होती. गाणं तिलाही ऐकू जावं म्हणून मी कानातलं काढून आवाज मोकळा केला. बाईचा उंच आवाज, दोन बासऱ्या, दोन क्लॅरिनेट, पियानो आणि चार तंतुवाद्यं. रशियन भाषा. शब्द मूळचे जपानी, हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे.

“हे कायचं गानं होय बाबू? सुरू झालं ना सरलं.”

“तीन गाणी झाली, मोठीआई.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग तिनं विचारलं, “झील कोन धरते मंग?”

हा प्रश्न मी पुस्तकांत कुठं वाचला नव्हता. झाडीपट्टीत वाढलेल्या बाईच्या कानाला तो पहिल्या दमात पडतो. खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यात शाहीर डफावर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी तिचा शेवट उचलून धरतात. दंडार या दुसऱ्या लोकनाट्यातही तेच. ओळ एकट्यानं म्हणून हवेत सोडून द्यायची नसते, ती कुणीतरी झेलायची असते. मग ज्या गाण्यात ओळ सुटते आणि मागं कुणीच उभं नसतं, ते गाणं कशाच्या आधारावर उभं राहतं? या प्रकरणाचा विषय तोच आहे.

आधी नाव नीट लावून घेऊ. अशा गाण्यांच्या संचाला पाश्चात्त्य संगीतात गीतमालिका म्हणतात. एका कवीची किंवा एका सूत्रातली गाणी ठरलेल्या क्रमानं, एकाच बैठकीत गायची. शूबर्टची 1827 ची ‘विंटररायझ’ ही 24 गाण्यांची मालिका सगळ्यांत प्रसिद्ध आहे. मराठी वाचकाला मात्र दूर जायला नको. ‘गीतरामायण’ हीच आपली गीतमालिका. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला गदिमा-बाबूजींचं एक नवं गाणं, एकूण 56. तिथं सूत्र कथेचं आहे, पुढं काय होणार हे ठाऊक असूनही ऐकणारा थांबतो. मोबाइलवरची ती गाणी ‘चेंबर’ संगीतातली होती. ‘चेंबर’ संगीत म्हणजे खोलीत मावेल असं संगीत. मोजके वादक, प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखू यावा इतके, आणि ऐकणारेही जवळ बसलेले. आपल्या बैठकीच्या कल्पनेपासून हे फार लांब नाही.

आम्ही ओसरीवर ऐकत होतो ती इगोर स्ट्राव्हिन्स्कीची ‘तीन जपानी कविता’ ही मालिका. 1912 आणि 1913 या वर्षांत तो ‘राइट ऑफ स्प्रिंग’ लिहीत होता. जमीन हादरवणाऱ्या त्या संगीताच्या कामातून मधेच बाजूला होऊन त्यानं ही तीन इवलीशी गाणी केली. कवी तीन: आकाहितो, मासाझुमी आणि त्सुरायुकी. तिन्ही कवितांचा विषय वसंताची चाहूल. बर्फ, प्लमची फुलं, टेकडीवर ढगासारखा दिसणारा चेरीचा बहर. तिन्ही गाणी मिळून चार मिनिटंसुद्धा भरत नाहीत. ‘गीतरामायणा’तलं एक गाणं याहून मोठं असतं.

ही गाणी पहिल्यांदा गायली गेली पॅरिसला, 14 जानेवारी 1914 ला, आपल्याकडच्या संक्रांतीच्या दिवसांत. त्या संध्याकाळच्या कार्यक्रमपत्रिकेकडे भारतीय वाचकानं थांबून पाहायला हवं. स्ट्राव्हिन्स्कीची जपानी गाणी, फ्रेंच संगीतकार रावेलनं मालार्मेच्या कवितांवर केलेल्या तीन रचना आणि मॉरिस दलाजची ‘चार हिंदू कविता’, असे तिन्ही संच एकाच दिवशी, एकाच सभागृहात. दलाज हा रावेलचा शिष्य आणि मित्र. 1911-12 मध्ये तो आईवडलांबरोबर भारत आणि जपान हिंडून आला होता. त्याच्या चार गाण्यांना गावांची नावं आहेत: मद्रास, लाहोर, बनारस, जयपूर. त्यांतल्या दोन कविता भर्तृहरीच्या. वामनपंडितांनी मराठीत आणलेला आपला भर्तृहरी पॅरिसमध्ये सोप्रानोच्या आवाजात आणि वीणेऐवजी हार्पच्या साथीनं गायला गेला. दलाजनं भारतीय संगीत ग्रामोफोनच्या तबकड्यांवरूनही कान देऊन ऐकलं होतं, त्यांत इमदाद खाँ होते, कोइमतूर तायी होत्या. म्हणूनच ‘लाहोर’मध्ये चेलोवादकाला बोट तारेवरून घसरवत न्यावं लागतं आणि गायिका शब्द सोडून तोंड मिटून गुणगुणते. मींड आणि आलाप यांना त्यानं आपल्या परीनं शोधलेला तो पर्याय होता.

दहाएक वर्षांनी दलाज जपानकडे वळला आणि 1920 च्या दशकात त्याची ‘सात हायकाई’ ही मालिका आली. एक आवाज, बासरी, ओबो, क्लॅरिनेट, पियानो आणि चार तंतुवाद्यं. एक गाणं कोंबड्याचं, एक लहानशा कासवाचं, एक शरदातल्या चंद्राचं. पहिलं गाणं ‘कोकिन्शू’ या जुन्या काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेवर आहे. ती प्रस्तावना 905 च्या सुमारास लिहिली त्सुरायुकीनं, स्ट्राव्हिन्स्कीच्या तिसऱ्या गाण्याचा कवी तोच. कवितेची बाजू मांडताना हा दरबारी माणूस साक्षीला बोलावतो ते फुलांतल्या पाखराला आणि पाण्यातल्या बेडकाला. सानगडीत ही प्रस्तावना समजावून सांगायला भाष्यकार लागत नाही. पावसाळ्याच्या रात्री खिडकी उघडली की झालं.

आता शब्दांकडे. दलाजच्या शीर्षकातलं ‘हायकाई’ म्हणजे आपण म्हणतो तो हायकू. हायकूत 17 अक्षरं असतात, पाच-सात-पाच, असं आपण शाळेपासून ऐकतो. ते अगदी बरोबर नाही, आणि ते का बरोबर नाही हे इंग्रज वाचकापेक्षा मराठी वाचकाला चटकन कळेल. जपानी माणूस अक्षरं मोजत नाही, मात्रा मोजतो. ‘टोकियो’ आपण तीन अक्षरांत म्हणतो. जपानी उच्चार आहे ‘तोऽक्योऽ’, दोन दीर्घ, म्हणून मात्रा चार. ‘निप्पोन’ हे त्यांच्या देशाचं नाव घ्या. नि एक, प्पमधला अर्धा प एक, पो एक आणि शेवटचा न एक, मिळून चार. अर्ध्या व्यंजनाला आणि शेवटच्या नकारालाही तिथं पूर्ण वेळ मिळतो. आर्या किंवा पादाकुलक बोटांवर मोजलेल्या माणसाला यात अवघड काही नाही. जपानी लिपीची अ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना ही मांडणीसुद्धा संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तिकडच्या बौद्ध पंडितांनी लावलेली आहे. मात्रांचं हे नातं त्यामुळे अगदीच परकं वाटत नाही.

दुसरी गोष्ट आघाताची. इंग्रजीत आणि रशियनमध्ये शब्दातल्या एका अक्षरावर जोर पडतो. जपानीत तसा जोर नाही, जोराच्या बाबतीत सगळी अक्षरं जवळजवळ एका पातळीवर चालतात. स्ट्राव्हिन्स्कीला हेच हवं होतं. जपानी चित्रांमध्ये जवळचं आणि दूरचं एकाच सपाट पृष्ठभागावर असतं, तसं त्याला गाण्यात आणायचं होतं. म्हणून त्यानं रशियन शब्दांवरचे नैसर्गिक आघात मुद्दाम स्वरांच्या बाजूला सरकवले. रशियन कानांना ते चमत्कारिक वाटलं, आपले शब्द कुणीतरी चुकीच्या ठिकाणी उचलतंय असं. मला वाटतं, मराठीत हा खटाटोप करावाच लागला नसता. आपल्या भाषेत आघात इतका सौम्य आहे की जपानी ओळीची सपाट चाल तिला अंगाबरोबर बसते. हे अजून फारसं कुणी वापरलेलं नाही.

स्वरांची गोष्ट मात्र जपून बोलायची. कोतो या जपानी तारवाद्याच्या संगीतात एक पंचस्वरी मांडणी वारंवार येते: सा, कोमल रे, म, प, कोमल ध. आपल्याकडे हीच स्वरावली गुणक्रीची. त्यांच्या लोकगीतांत सापडणारी दुसरी एक मांडणी सा, रे, म, प, ध, म्हणजे हुबेहूब दुर्गा. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पेटी काढून तासभर वाजवत बसलो होतो. पण स्वर जुळले म्हणून राग जुळत नाही. गुणक्रीचा कोमल रिषभ सकाळी आंदोलन घेतो. कोतोवर तो स्वर छेडला जातो आणि विरत जातो, पुढचा स्वर येईपर्यंत वादक थांबतो. दोन्हीकडे अक्षरं सारखी, बोली वेगळ्या. जपानचा आभास आणायला पंचस्वर पकडणं ही सगळ्यांत सोपी वाट, आणि त्या वाटेनं गेलेलं बरंचसं संगीत आज ऐकवत नाही.

अवघड वाट त्या थांबण्यात आहे. जपानीत त्याला ‘मा’ म्हणतात. लिहिताना दाराच्या चौकटीत सूर्याचं चिन्ह काढतात, दाराच्या फटीतून उजेड यावा तसं. दोन गोष्टींमधलं अंतर, पण तिथं काही नाही असं नव्हे. मराठीत याला सगळ्यांत जवळचा शब्द गायकांच्या तोंडी आहे: जागा. “काय जागा घेतली!” असं आपण म्हणतो तेव्हा गायकानं तिथं काहीतरी सुंदर भरलेलं असतं, एखादी हरकत, एखादी मुरकी. ओळीत ती जागा होती हे त्यानं भरल्यावर आपल्याला कळतं. जपानी गायकही तीच जागा ओळखतो, फक्त ती तशीच राखून ठेवतो. तबलजीला ‘खाली’ ठाऊक असते. डग्ग्यावरचा हात उठतो, घुमारा थांबतो आणि त्या पोकळीमुळे सम जवळ आल्याचं कळतं. ‘मा’ समजून घ्यायला मला खालीचा सर्वाधिक उपयोग झाला.

आणि अर्थात वीतभर अंतराचा. रोपं खेटून लावली तर फुटवे येत नाहीत. सोडलेल्या जागेतच धान पसरतं.

रोवणीचं गाणं जपानातही आहे. त्याला ‘ताउए-उता’ म्हणतात. 1689 साली हायकूकार बाशो उत्तरेकडच्या लांबच्या पायी प्रवासाला निघाला, तेव्हा सुकागावा या ठाण्यावर पोचल्यावर त्यानं हायकू केला तो या रोवणीच्या गाण्यांवर. वाटेतल्या देवळांवर आणि किल्ल्यांवर त्यानं पुष्कळ लिहिलं, पण त्या प्रदेशात पाऊल टाकल्यावर त्याला आधी ऐकू आल्या त्या चिखलातल्या बायका. हिरोशिमाजवळच्या मिबू गावात रोवणीचा सोहळा आजही होतो आणि 2011 मध्ये युनेस्कोनं त्याची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. सजवलेले बैल चिखल करतात, पुरुष ढोल आणि बासरी वाजवतात, पुढचा म्होरक्या बांबूच्या घासपट्ट्यांवर ठेका धरून ओळ टाकतो आणि रोवणाऱ्या बाया तिला उत्तर देतात. म्हणजे झील आहे. मोठीआईला हे मी सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली, जणू हे असणारच होतं. जपानी कवितेची झील गेली ती दरबारात आणि नंतर कवींच्या कागदावर. शेतात ती होतीच.

फ्रेंच रचनाकार ऑलिव्हिए मेस्यां याच्या ‘सात हायकाई’बद्दल दोन वाक्यं सांगायलाच हवीत, जरी त्यात गायक नाही. 1962 च्या जपानभेटीनंतर लिहिलेल्या या रचनेत त्यानं तिथल्या पक्ष्यांचे आवाज, नाराच्या बागेतले दगडी दिवे, दरबारी गागाकू संगीत असं सगळं घेतलं, पण सुरुवातीच्या भागाची लय त्यानं घेतली ती शार्ङ्गदेवाच्या देशी तालांतून. ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं लिहिला गेला. जपानकडे जाणाऱ्या या फ्रेंच रस्त्यावर महाराष्ट्राचा असा एक दगड रोवलेला आहे.

आता पक्ष्याची गोष्ट, आणि इथं मी रेंगाळणार आहे.

भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेले तलाव अजून धानाला पाणी देतात. सानगडीहून जवळचं नवेगावबांधचं पाणी मारुती चितमपल्लींनी मराठी वाचकाच्या नकाशावर आणलं, त्यांचं ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक याच परिसराचं. याच पट्ट्यात महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस राहतात. माणसाच्या उंचीचा हा राखाडी पक्षी, मान आणि डोकं लाल. तो पावसाळ्यात तलावाच्या काठच्या गवतात नाही तर सरळ कुणाच्या तरी बांधीत घरटं घालतो, बहुधा दोन अंडी. ज्याच्या बांधीत घरटं असेल त्याला तेवढा तुकडा सोडून द्यावा लागतो. सकाळी जोडी चोच आभाळाकडे करून ओरडते. नराची एक लांब हाक, तिच्या शेपटीलाच मादीची दोन-तीन छोटी उत्तरं. तुतारी कुणी पाण्याखाली वाजवावी तसा आवाज, कोसभर जातो. एकदा धुक्यात मी तो ऐकला तेव्हा पक्षी दिसलेच नाहीत. पण दोघांपैकी कोण कुठं उभं आहे ते आवाजावरून कळत होतं.

जपानचा क्रौंच याच कुळातला: पांढरा, मानेला आणि पंखांच्या मागच्या कडेला काळा, डोक्यावर लाल टिक्का. त्याला ‘तांचो’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो नाहीसा झाला असंच धरलं गेलं होतं. 1924 मध्ये होक्काइदोच्या कुशिरो दलदलीत मूठभर पक्षी सापडले. 1952 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात तिथल्या शेतकऱ्यांनी त्यांना मका घातला आणि पक्षी तगले. आज ते हजाराच्या वर आहेत. नेमक्या त्याच 1952 मध्ये, जानेवारीत, ओसाकाला इकुमा दान याच्या ‘युझुरू’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. कथा जुनी. गरीब माणूस जखमी क्रौंचाला सोडवतो, पुढे एक बाई त्याच्या घरी बायको म्हणून येते आणि बंद खोलीत देखणं कापड विणते. आत डोकावू नको, एवढीच तिची अट. तो डोकावतो. आत क्रौंच आपलीच पिसं उपसून मागावर घालत असतो. जुन्जी किनोशिता यानं याचं नाटक केलं होतं, आणि ऑपेरासाठी परवानगी देताना नाटकातला एक शब्दही बदलायचा नाही अशी अट घातली. संगीतकाराला नाटकाचं गद्य आहे तसं गायला लावावं लागलं. मोहाडी-आंधळगावच्या कोसा विणणाऱ्या घरांत ही गोष्ट सांगितली तर तिथल्या बायका कापडाचं मोल कशात असतं ते लगेच ओळखतील.

या क्रौंचाची शाकुहाचीवर एक परंपरागत रचना आहे. शाकुहाची म्हणजे बांबूची उभी बासरी. तिचं नाव तिच्या लांबीवरून पडलं: एक शाकू आणि आठ सून, साधारण साडेचोपन्न सेंटिमीटर. पुढं चार भोकं, मागं एक. डोक्यावर विणलेली टोपली उपडी घालून फिरणारे झेन भिक्षू ती वाजवत. वाजवणं हीच त्यांची साधना. ‘त्सुरू नो सुगोमोरी’, म्हणजे घरट्यातले क्रौंच, या रचनेत घसा थरथरवून आणि बोटं झरझर हलवून पंखांची फडफड काढतात. आईबाप पिलांना वाढवतात, पिलं उडून जातात. मान वरखाली करून स्वर उतरवायचा आणि चढवायचा, ही तर सरळ मींडच.

ही रचना डोळ्यापुढं ठेवून शिरीष कोरडे यांनी ‘टेंडरनेस ऑफ क्रेन्स’ ही एकल बासरीची रचना लिहिली. कोरडे भारतीय कुटुंबातले, जन्म युगांडातला, काम अमेरिकेत. बनारस घराण्याचे शारदा सहाय यांच्याकडे ते तबला शिकले. आडनाव वाचून मराठी माणसाचे कान टवकारतातच. वाद्य आहे पाश्चात्त्य चांदीची बासरी, तिला शाकुहाचीचा श्वास घ्यायला लावलाय: हवेचा खरखरीत झोत, एकाच फुंकीत फुटणारे दोन-तीन स्वर, जीभ थरथरवून काढलेले पंख, आणि मधूनमधून काहीच नाही. इथं शब्द नाहीत, म्हणून काटेकोर अर्थानं ती गीतमालिका नव्हे. पण जपानकडून काय घ्यायचं हे मला या रचनेतून स्वच्छ कळलं. कोरडे सजावट उचलत नाहीत, श्वास कुठं सोडायचा ते उचलतात. त्यांच्या बासरीच्या थांबण्यात मला धुक्यातली ती दुसरी हाक ऐकू येते, पहिल्या हाकेच्या शेपटीला लागून येणारी.

अलीकडच्या रचनांत फिनलंडच्या काइया सारिआहोची ‘ओन्ली द साउंड रिमेन्स’ जरूर ऐकावी. 2016 मध्ये अॅमस्टरडॅमला पहिला प्रयोग झाला. नो या जुन्या जपानी नाट्यप्रकारातल्या दोन नाटकांवर आधारलेली, वादक मोजून सात, त्यात फिनलंडचं कांतेले हे तारवाद्य आहे. दुसऱ्या नाटकात एका कोळ्याला अप्सरेचं पिसांचं वस्त्र झाडावर सापडतं आणि ते परत देण्याआधी तो तिच्याकडे नाच मागतो. पुन्हा पिसं आली, आणि पुन्हा देवाणघेवाण.

जपान आमच्या जिल्ह्यापासून किती लांब आहे, असा प्रश्न कुणी विचारला तर मी पवनीचं नाव घेतो. 1969-70 मध्ये तिथं जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं आणि जुना स्तूप उजेडात आला. त्याच तालुक्यात रुयाडला महासमाधिभूमीचा नवा स्तूप उभा आहे. त्याचं नातं जपानच्या तेंदाई पंथाशी आहे आणि फेब्रुवारीतल्या धम्म महोत्सवाला जपानी भिक्खू येतात. तेंदाई भिक्खूंच्या पठणाच्या गायकीला ‘शोम्यो’ म्हणतात. हा शब्द म्हणजे आपल्या ‘शब्दविद्ये’चं चिनी-जपानी भाषांतर, पाच विद्यांपैकी एक. एक अक्षर धरून आवाज हळूहळू वर नेतात, वळवतात, खाली आणतात, दुसरं अक्षर येईपर्यंत घाई नाही. पुढे नो नाटकाच्या गायनानं यातूनच बरंचसं घेतलं. शब्दविद्या चीनमार्गे जपानला गेली आणि बाराशेएक वर्षांनी वैनगंगेच्या काठी परत ऐकू येते. ज्याला जपानी ओळ गायची आहे त्यानं आधी हे पठण ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि मराठी शब्द? ते शिरीष पै यांनी तयार करून ठेवले आहेत. आचार्य अत्र्यांची ही कन्या, जन्म 1929, निधन 2017. बाप सभा गाजवणारा, शब्दांचा धबधबा. मुलीनं मराठीत रुजवला तो सगळ्यांत कमी बोलणारा काव्यप्रकार. त्यांनी 17 चा हिशोब धरला नाही. तीन ओळी, त्यांतल्या दोनांत बहुधा यमक, आणि एक क्षण. यमक हे जपानी हायकूत नसतं. काही अभ्यासकांना ते खटकलं. मला ते बरोबर वाटतं. मराठी कानाला ओळ परत आल्याशिवाय कविता संपल्याचं कळत नाही. यमक ही शिरीषताईंनी ठेवलेली बारीकशी झील आहे, कवितेच्या आतच.

भावगीताच्या साच्यात मात्र हा ऐवज मावत नाही. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा केलं की तीन ओळी झिजून जातात. ओळ एकदाच म्हणायची, चाळीस सेकंदांत गाणं संपवायचं, मग बासरीनं अर्धा श्वास घेऊन थांबायचं. मालिकेचा क्रम ऋतूंचा असावा. ‘कोकिन्शू’ची सुरुवात ऋतूंच्या खंडांनीच होते, आणि हायकूत ऋतूचा शब्द हवाच असतो. जपानात अशा शब्दांचे कोश छापतात.

सानगडीचा ऋतुकोश मोठीआईनं मला एका बैठकीत सांगितला, मी फक्त लिहून घेतला. त्यातून सहा गाणी होतील. आषाढाचं, रोवणीचं: आवाज आणि डफ, दोनच. भाद्रपदाचं सारसाच्या घरट्याचं: दोन बासऱ्या, एकीची हाक लांब, दुसरीची आखूड. कार्तिकातल्या मंडईचं: दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार उभी राहते. इथं झीलकरी हवेतच, चार तरी. पौषातलं शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, सकाळचं, थंडीत बैलांच्या तोंडची वाफ. चैत्राचं मोहफुलांचं: पहाटे झाडाखाली टपटप पडणाऱ्या फुलांना दुसरं कुठलंही वाद्य लागणार नाही, तंबोऱ्याची एक तार पुरे.

सहावं ज्येष्ठाचं. बांध्या कोरड्या, भेगा पडलेल्या, पऱ्हे टाकायला पाऊस नाही. मोठीआई या महिन्याला काही शब्द सांगेना. “तवा वाट पाहाची असते बाबू,” एवढंच म्हणाली, आणि मी वहीत ज्येष्ठापुढची ओळ कोरी ठेवली.